पान का सडले? व्यापाऱ्याच्या घरातील अन्नाची नासाडी

भाकरी का करपली, घोडा का अडला, पान का सडले? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. हे जुने कोडे शाळेत बहुतेकांनी ऐकलेले असते. तांबोळी मंडळींना मात्र त्यातला तिसरा प्रश्न कोडे म्हणून नव्हे, तर पोटापाण्याचा म्हणून ठाऊक असतो. सकाळी दुकान उघडले की प्रथम पानांची करंडी उघडायची, एकेक पान पालटायचे, डाग पडलेले बाजूला काढायचे, डागाचा भाग कात्रीने छाटून उरलेले पान त्याच दिवशीच्या विड्याला लावायचे आणि बाकीच्यावर पुन्हा ओले फडके झाकायचे. एक दिवस आळस झाला तर एका सडक्या पानाबरोबर शेजारची दहा जातात.

आता याच दुकानदाराच्या घरचा फ्रिज उघडून पाहावा. मागच्या कोपऱ्यात तीन दिवसांपूर्वीचे सालन, पिशवीत काळी पडलेली कोथिंबीर, डब्यात कडक झालेल्या चार चपात्या. ते कोणी फिरवलेलेच नसते. तांबोळी बंधूंना टोमणा मारण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आमच्या स्वतःच्या घरची अवस्था वेगळी नव्हती, आणि ती कशी लक्षात आली तेच या लेखात सांगायचे आहे.

लग्नाच्या मेजवान्यांतील नासाडीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, जुम्याच्या बयानातही तो विषय वारंवार निघतो. दालचा-बिर्याणीची पातेली उकिरड्यावर रिकामी होताना दिसतात, म्हणून त्याची चर्चा होते. घरातली नासाडी रोज वाटी-दोन वाटीने होते आणि ती कोणाला दिसत नाही. प्रत्यक्षात मोठा आकडा तिचाच आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असा अंदाज दिला आहे की २०२२ या एका वर्षात जगभरात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले सुमारे ६३ कोटी टन, म्हणजे शंभरातले साठ, घराघरांतून गेले. हॉटेले, खानावळी वगैरेंचा वाटा २९ कोटी टन आणि दुकानदारांचा अवघा १३ कोटी टन. व्यापाऱ्याने या शेवटच्या आकड्याबद्दल थोडा अभिमान बाळगायला हरकत नाही. दुकानातले नुकसान सरळ गल्ल्यातून जाते, म्हणून तेथे डोळे उघडे असतात.

भारतातील घरांसाठी त्याच अहवालाने दरडोई वर्षाला ५५ किलोचा अंदाज धरला आहे. सहा माणसांच्या घराला ३३० किलो, म्हणजे दिवसाला जवळजवळ ९०० ग्रॅम. यात केळीची साल, मटणाची हाडे असे न खाण्याजोगे भागही मोजलेले आहेत, तेव्हा सगळाच आकडा आपल्या माथी मारून घेण्याचे कारण नाही. परंतु ते वजा करूनही जे उरते ते लहान नाही.

धंद्यात एक, घरात दुसरे

आपल्या समाजातील जवळजवळ प्रत्येक पारंपरिक व्यवसाय उरलेल्या मालाचे काय करायचे या विद्येवर उभा आहे. बागवान बंधू आंब्याची आढी उलटतात तेव्हा कच्चा, पक्का, नरम आणि डागी असे चार भाग डोळ्यांनीच करतात. नरम माल संध्याकाळपर्यंत भाव उतरवून काढतात, उरलेला रसवाल्याकडे जातो. बेकरीतला टोस्ट म्हणजे कापून दुसऱ्यांदा भट्टीत भाजलेला पावच. खाटीक बंधूंच्या दुकानात तर चामडे, मुंडी, पाय, वजडी, चरबी, प्रत्येकाला गिऱ्हाईक ठरलेले असते. शिलाईचे काम करणारा कारागीर कापडावर खडू टेकवण्यापूर्वी उरणाऱ्या तुकड्यातून खिशाचे अस्तर निघेल का हे पाहतो. आमच्या मिरजेतला सतार बनविणारा कारागीर लाकडाचा लहानसा तुकडाही दहा वेळा उलटसुलट पाहिल्याशिवाय टाकत नाही.

इतकी कसोशी अंगात असलेली माणसे घरी आली की हिशेब उंबऱ्याबाहेर ठेवतात. आम्हीही त्यांतलेच. गेल्या वर्षी रमजान ईद झाल्यावर आम्ही ठरवले की एक महिना घरातही खाते ठेवायचे. घरात आम्ही सातजण. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरील कॅलेंडर हीच खातेवही. जे काही टाकले जाईल ते त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचे : काय, साधारण किती आणि का. लिहिण्याचे काम धाकट्या मुलीकडे दिले. तिने कोणाचीही भीड ठेवली नाही.

महिन्याअखेर बेरीज केली. भात जवळजवळ दिवसाआड, चपात्या रोज दोन-तीन, कोथिंबिरीच्या सात जुड्या, दोन वेळा दूध, एकदा अख्खे पातेले डाळ, आणि टोमॅटो, ज्यांविषयी पुढे सांगतो. बाजारभावाने किंमत लावली तेव्हा आकडा अकराशे रुपयांच्या आसपास गेला. अम्मी म्हणाल्या, "एवढे नसेल, तिने जास्त लिहिले असेल." आम्ही पुन्हा बेरीज केली. तेवढेच आले.

अकराशे रुपये ऐकायला फार वाटत नाहीत. पण व्यापाऱ्याने ही रक्कम विक्रीत मोजून पाहावी. किरकोळ दुकानात सर्व खर्च वजा जाता शेकडा आठ रुपये नफा सुटतो असे धरले, तर एक हजार रुपये घरात आणण्यासाठी साडेबारा हजारांचा माल विकावा लागतो. अकराशेसाठी पावणेचौदा हजारांचा. म्हणजे महिन्यातले एक-दोन दिवस आम्ही शटर उघडून केवळ कचऱ्याच्या टोपलीसाठी उभे होतो. मजुरीवर काम करणाऱ्या कारागिराचा हिशेब याहून कडक आहे. यंत्रमाग बंद, मजुरी बंद, पण टोपली चालूच.

चपातीचेच पाहा. एक किलो पिठात साधारण ३० ते ३५ चपात्या होतात. रोज दोन टाकल्या तर महिन्याला ६०, म्हणजे जवळजवळ दोन किलो पीठ. वर्षाला वीस-चोवीस किलो. दळणाचा आणि गॅसचा खर्च वेगळा, लाटणाऱ्या हातांचे तर कोणी मोजतच नाही.

दोष कोणाचा?

खाते ठेवण्यापूर्वी आमची खात्री होती की "नासले" हे कारण सर्वांत पुढे असेल. तसे निघाले नाही. सर्वांत जास्त वेळा मुलीने लिहिले होते : "सांगितले नाही." आम्ही दुकानातून परस्पर कोणाकडे जेवून आलो, थोरला मुलगा मित्रांबरोबर खाऊन आला, दोघांचा भात पातेल्यात राहिला. दुसरे कारण होते "स्वस्त मिळाले म्हणून." यातही घरातल्या बायकांचा हात नव्हता.

टोमॅटोची गोष्ट अशी. एका संध्याकाळी बाजार उठण्याच्या वेळी आम्ही घासाघीस करून दहा किलो टोमॅटो जवळजवळ निम्म्या भावात आणले. मोठ्या रुबाबात पिशवी स्वयंपाकघरात टेकवली. चार दिवसांनी त्यातले चार किलो पाणी सुटून टाकावे लागले, आणि उरलेल्यांची चटणी करताना घरातल्यांची एक दुपार गेली. त्यावर आमच्या घरातून एकच प्रश्न आला, "दुकानात तुम्ही खप न बघता माल भरता का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. अन्नाच्या नासाडीवरचे लेख बहुधा गृहिणींना उद्देशून लिहिले जातात, जणू चूक तिथेच आहे. आमच्या मते आपल्याकडच्या अनेक घरांत बाजार पुरुष करतात, पाहुण्याला अचानक तेच घेऊन येतात आणि न कळवता बाहेर तेच जेवतात. तेव्हा हा लेख पुरुषांनी वाचावा आणि बायकांना वाचून दाखवण्याची घाई करू नये.

त्या महिन्यानंतर आमच्या घरात दोन नियम झाले. संध्याकाळी सहाच्या आत प्रत्येकाने रात्री जेवायला येणार की नाही हे फोन करून सांगायचे. न सांगणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रीचेच खायचे. आणि बाजाराला निघण्यापूर्वी घरात शिल्लक काय आहे ते पाहून चिठ्ठी घ्यायची. चिठ्ठीत नसलेला माल कितीही स्वस्त असला तरी घ्यायचा नाही. दुसरा नियम पाळणे आम्हाला अजून जड जाते. भाव करणे रक्तात आहे.

फिरवणे म्हणजे काय

बाकीचे सगळे तांबोळ्याच्या करंडीसारखेच आहे. दुकानात नवा माल मागे लावतात आणि जुना पुढे ओढतात. फ्रिजमध्ये नेमके उलटे होते, नवे पुढे ठेवले जाते आणि जुने मागे ढकलले जाते. आम्ही एक खण "आधी हे" म्हणून राखून ठेवला. उरलेले सालन, अर्धा कांदा, उघडलेले दूध, सर्व त्या खणात, आणि स्वयंपाकाला लागण्यापूर्वी तो खण पाहिल्याशिवाय दुसरे काही काढायचे नाही. गुरुवारची रात्र शिल्लक संपवण्याची, कारण जुम्याला ताजे शिजतेच. फोडणीचा भात, चपातीचा कुस्करा, उरलेली घट्ट डाळ कणकेत मळून केलेले पराठे, हे पदार्थ आपल्या आयांनी शोधलेच आहेत, नवीन काही शिकायचे नाही. सर्व चपात्या एकदम लाटण्याऐवजी कणीक झाकून फ्रिजमध्ये ठेवली तर एक दिवस चांगली राहते, लागतील तशा लाटता येतात. तांदूळ मात्र मापाने घ्यावेत. एक किलो तांदळाचा अडीच ते तीन किलो भात होतो, त्यामुळे हाताने घेतलेली एक जादा मूठ पातेल्यात तीन मुठी होऊन बसते.

फळांबाबत बागवान मंडळींना सांगण्याची गरज नाही. पिकवण्याच्या खोलीत जो इथिलीन वायू सोडतात तोच पिकलेले केळे, आंबा, सफरचंद स्वतःही सोडत असते. म्हणून पिकलेली केळी पालेभाजीजवळ ठेवली तर भाजी लवकर पिवळी पडते. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवू नयेत, बटाट्यांना मोड लवकर येतात. दोघांनाही हवा आणि अंधार लागतो, पिशवीची गाठ लागत नाही.

रमजानचे वेगळे सांगितले पाहिजे. दिवसभराच्या रोज्यानंतर डोळ्यांची भूक पोटापेक्षा मोठी असते. असरनंतर बाजारात गेलेला माणूस भजी, समोसे, तीन प्रकारची फळे आणि सरबत घेऊन येतो, मगरिबनंतर अर्धे ताटात राहते. कापलेले कलिंगड आणि तळलेली भजी सहरीपर्यंत टिकत नाहीत. आमच्याकडे आता फळे दोन वेळा कापतात, थोडी इफ्तारला आणि लागलीच तर थोडी तरावीहनंतर. तळणीचेही तसेच. खरेदी सकाळीच उरकायची, पण ज्यांचे दुकान सकाळी उघडते त्यांना हे जमणे कठीण आहे हेही खरे.

बकरी ईदला मांस एकदम येते आणि घाईघाईत मोठमोठे गोळे करून फ्रीझरमध्ये कोंबले जाते. मग एक वेळच्या सालनासाठी पाच किलोचा दगड वितळवावा लागतो आणि उरलेले पुन्हा गोठवले जाते. येथेच ते बिघडते. आपल्या, नातलगांच्या आणि गरिबांच्या वाट्याची वाटणी झाली की आपला वाटा एका वेळच्या स्वयंपाकाइतक्या लहान पिशव्यांत भरावा, पिशवी चपटी करावी म्हणजे लवकर गोठते, वर तारीख लिहावी. फ्रीझर उणे १८ अंशांवर असावा. वितळवायचे ते आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या खणात ठेवून, ओट्यावर नव्हे. जेथे वीज वारंवार जाते तेथे फ्रीझरवर फार विसंबू नये. मीठ-हळद लावून मांसाच्या पट्ट्या कडक उन्हात वाळवण्याची जुनी पद्धत अशा ठिकाणी अजूनही उपयोगाची आहे.

काटकसर कोठे थांबवावी

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. इसराफ टाळायचा म्हणून खराब अन्न पोटात घालणे ही काटकसर नव्हे. औषधाचे बिल आले की वर्षाची बचत एका दिवसात जाते. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ उघड्यावर ठेवू नये. ५ अंशांच्या खाली थंड किंवा ६० अंशांच्या वर गरम, या दोहोंच्या मधल्या उष्णतेत जंतू झपाट्याने वाढतात. भाताबद्दल विशेष सावध राहावे. त्यात आढळणाऱ्या एका जातीच्या जंतूचे बीज शिजवल्यानेही मरत नाही, भात कोमट राहिला की ते उगवते आणि त्याने सोडलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायचा असेल तर तो जेवण झाल्याबरोबर पसरट भांड्यात गार करून फ्रिजमध्ये गेला पाहिजे. रात्रभर ओट्यावर राहिला असेल तर त्याचा मोह सोडावा.

बुरशी आलेला पाव वरचा तुकडा काढून खाऊ नये. बुरशीची मुळे आत दिसत नाहीत. बुरशी लागलेले शेंगदाणे आणि मका तर जनावरालाही घालू नयेत, त्यांतले विष शिजवल्याने नष्ट होत नाही. हिरवा पडलेला, कडू लागणारा बटाटा टाकावा. उलटपक्षी, डब्यावरची तारीख उलटली म्हणून सगळेच टाकण्याची गरज नाही. "एक्स्पायरी" किंवा "यूज बाय" या तारखेनंतर पदार्थ खायचाच नसतो. "बेस्ट बिफोर" म्हणजे त्या तारखेपर्यंत चव आणि गुण उत्तम राहतात, एवढेच. किराणा दुकानदारांनी हा फरक गिऱ्हाइकाला सांगावा. गिऱ्हाईक त्याबद्दल दुवा देईल.

उरण्यापूर्वी देणे

उरलेले गरिबाला देऊ, असे आपण सहज म्हणतो. दुपारचे अन्न रात्री, रात्रीचे सकाळी, आणि आपल्याला नकोसे झाले की दारावरच्या माणसाला. याला देणे म्हणावे का, हा प्रश्न आम्हाला नेहमी टोचतो. औरंगाबाद शहरात, ज्याचे नाव आता छत्रपती संभाजीनगर आहे, डिसेंबर २०१५ मध्ये हारून मुकाती इस्लामिक सेंटरने रोटी बँक सुरू केली. तिची पद्धत पाहण्यासारखी होती. सभासद झालेल्या घराने स्वतःच्या स्वयंपाकातून दोन ताज्या रोट्या आणि थोडे कालवण आणून जमा करायचे, आणि गरजूने तेथून ते घेऊन जायचे. उरेल तेव्हा नव्हे, शिजवतानाच दोन रोट्या त्यांच्या. ज्या घरात रोज दोन चपात्या टोपलीत जातात त्या घराला हा हिशेब लगेच समजेल. आपापल्या मोहल्ल्यात, मशिदीच्या कमिटीने किंवा दुकानदारांच्या संघटनेने असे काही सुरू करणे अवघड नाही. स्वच्छतेची आणि वेळेची जबाबदारी घेणारी दोन माणसे मात्र ठरवून हवीत.

टाकलेले अन्न जाते कोठे, हेही एकदा पाहून यावे. ओला कचरा ढिगाखाली दबून कुजला की त्यातून मिथेन वायू निघतो, आणि तो पेट घेतो. मुंबईत देवनारच्या कचराभूमीला २०१६ च्या जानेवारी अखेरीस लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. तो धूर प्रथम गोवंडी, शिवाजीनगरच्या झोपड्यांत शिरला. तेथे कोण राहते हे वाचकांना सांगायला नको. त्याच वर्षीच्या नियमांपासून घरातच ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे बंधनकारक झाले आहे. साली आणि देठ वेगळे ठेवले तर निदान कुंडीत खत तरी होते, आणि ज्यांच्या घरी शेळी आहे त्यांना तेही करावे लागत नाही.

आमचे कॅलेंडरवरचे खाते अजून चालू आहे. मुलीची परीक्षा असते तेव्हा अम्मी लिहितात, आणि त्या आमच्या मुलीपेक्षा कडक आहेत. मागच्या महिन्याची बेरीज तीनशे रुपयांच्या आत आली. भात जवळजवळ बंद झाला, चपात्या आठवड्यातून एखाद-दुसरी. कोथिंबीर मात्र अजून दोनदा सापडली. देठ काढून, पुसून, कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की आठवडा काढते, हे आम्हाला माहीत आहे. पण भाजीवाला मित्र आहे, तो रोज एक जुडी फुकट टाकतो आणि आमच्याने नको म्हणवत नाही.